आशाताईंचा पिशवीवाला

गेल्या हिवाळ्यात एक दिवस मी आमच्या कसबा बावड्यातल्या एका आशाताईंबरोबर घरोघरी फिरलो. त्या पुढे, मी मागे. वजनकाट्याची पिशवी माझ्या खांद्यावर. राजाराम कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत त्यांनी दुपारपर्यंत नऊ घरं केली. कुठे लोहाच्या गोळ्या, कुठे लसीची तारीख, कुठे टीबीच्या औषधाची चौकशी. "हे कोण वो?" असं कुणी विचारलं की ताई हसून म्हणायच्या, "माझे पिशवीवाले!"

दहावं घर सात दिवसांच्या बाळाचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई सहा वेळा घरी येऊन बघतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळ शांत झोपलं होतं. मी सवयीनं अर्धा मिनिट श्वास मोजले. २८ भरले, म्हणजे मिनिटाला ५६. "ठीक आहे," मी म्हणालो.

ताईंनी दुपटं बाजूला केलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. ६४. पुन्हा मोजलं. ६६.

"डॉक्टर, ह्याचा श्वास मधनंच थांबतोय, मग पळतोय. मिनिट पुरं होऊ दे."

त्यांचं बरोबर होतं. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं फसवं ठरतं. दोन महिन्यांच्या आतल्या शांत बाळाचे श्वास दोन्ही वेळा ६० किंवा जास्त भरले, तर तो धोक्याचा इशारा. शिवाय बाळाचे पाय आणि पोट दोन्ही गार होते. सकाळपासून ते दूधही नीट ओढत नव्हतं.

आजी अडून बसल्या. बाराव्याआधी बाळ घराबाहेर काढायचं नाही! मी जंतुसंसर्ग समजावून सांगायला लागलो. ताई एवढंच बोलल्या, "मावशी, बारसं करायचं हाय न्हवं? मग आजच जायला पायजे."

आईच्या छातीशी उघडं बाळ, वरून शाल, अशा उबेत आम्ही त्यांना सीपीआरला पाठवलं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. वेळेत औषध मिळालं, बाळ वाचलं.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. घरच्या सहाही भेटींसाठी योजनेत ठरलेला मोबदला मात्र सगळा मिळून २५० रुपये.

तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर लक्षात ठेवा: दूध न ओढणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, जोरात श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, बाळ मलूल पडणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि आशाताई दारात आल्या तर त्यांना घाईनं परत पाठवू नका.

२८व्या दिवशी मी पुन्हा पिशवी घेऊन गेलो. बारसं झालं होतं. श्वास मी मोजले, पूर्ण मिनिट. ४४. ताईंनी तरीही एकदा स्वतः मोजून घेतले.