एक्कावन्नावी बाई

पनवेलचा मजूर नाका, सकाळ. मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले. एखादीच्या कडेवर पोर. ठेकेदार आधी कडेकडे बघतो, मग बाईकडे. पोर असलं की घासाघीस वाढते.

*

साइटवर दोन कॉलमांमध्ये साडीची झोळी. झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर आहे, ती इथं. हजेरीपुस्तकात आईचा दिवस भरतो, हिचा कुठेच नाही.

*

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं. म्हणजे पोरानं एक्कावन्नाव्या बाईची वाट बघायची. बायका तीन ठेकेदारांत वाटल्या गेल्या, की ती यायचीच नाही.

*

१९६९. दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम. धुळीत पडलेली मजुरांची पोरं बघून मीरा महादेवन यांनी तिथंच तंबूत पाळणाघर मांडलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, १९७२ला मुंबईत आली. तंबू ठोकण्याआधी बायका मोजल्या नव्हत्या.

*

दिवाळी सरली की रायगडातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. उचल आधीच खर्चलेली, ती वीटभट्टीवर फेडायची. मजुरी हजार विटांवर. त्यामुळे तान्ह्याला पाजायला बसलेली बाई विटांत मोजली जाते: इतक्या कमी पडल्या.

*

अंगणवाडी १९७५पासून आहे. पोराला खाऊ घालते, वजन करते आणि दुपारी सुटते. आई सुटते दिवेलागणीला.

*

आता आमच्याबद्दल. २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ झाली. पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघरही सक्तीचं झालं. पण सहा महिन्यांचं मूल हार्बरच्या सकाळच्या गर्दीतून सीएसएमटीपर्यंत न्यायचं कसं? म्हणून सोसायटीतल्या काकू. संध्याकाळी उशीर झाला, तर तासाचे वेगळे. लोकल लेट झाली तरी आमचेच.

*

काकूंच्या हाताखाली एक मावशी आहेत, हिंगोलीकडच्या. सहा पोरांना भरवतात, निजवतात. आमचीला त्यांच्याच मांडीवर झोप लागते. त्यांची धाकटी गावी, सासूजवळ.

काकूंचे पैसे मला जड वाटतात. त्यातून मावशींचा पगार निघतो, आणि त्या पगारातून दर महिन्याला गावी ‘पोरीच्या दुधाचे’ जातात.

एकदा विचारलं, “आणि सासूबाईंना सांभाळायचं काय देता?”

मावशींना प्रश्नच कळला नाही. आमचीचं तोंड पदरानं पुसत म्हणाल्या, “त्यांना कशाला? त्या घरच्याच की.”