चूक पुरी होऊ देणारा वर्ग

सिम्युलेशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुतळा उभा राहतो. त्याला इतिहासही आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या नर्सिंग शाळेनं १९११ साली मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली आणि रुग्णाला कसं उचलायचं, कुशीवर कसं वळवायचं, हे मुली तिच्यावर शिकू लागल्या. आजच्या पुतळ्याची नाडी हाताला लागते, छातीतली घरघर ऐकू येते. पण मी शिकवते त्या नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात या करामती दुय्यम आहेत. १९६५ मध्ये लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या या भूमिकेत नर्स स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहून देते. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत ती हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू शकते. म्हणजे तिला शिकवायचा असतो तो निर्णय. आणि प्रत्यक्ष दवाखान्यात नेमका तोच पुरता शिकवता येत नाही.

समजा, पंचावन्न वर्षांची मधुमेही बाई आली. दोन दिवस पित्त झालंय, थकवा आहे, छातीत दुखत नाही म्हणते. विद्यार्थिनी पित्ताची गोळी लिहून तिला घरी पाठवायला निघते. मधुमेहात, त्यातून बाईला, हृदयविकाराचा झटका असाही येऊ शकतो हे जाणणारी मार्गदर्शक तिथंच मध्ये पडते आणि ईसीजी काढायला लावते. तिनं मध्ये पडलंच पाहिजे. पण त्यामुळे विद्यार्थिनीचा निर्णय अर्ध्यावर तुटतो आणि त्याचं फळ काय झालं असतं, ते तिला कधी दिसत नाही. सिम्युलेशनमध्ये हीच बाई एखादी नटी साकारते, गोळी घेऊन जाते आणि तासाभरानं घामाघूम होऊन परत येते. नंतरच्या चर्चेत, ज्याला आम्ही डीब्रीफिंग म्हणतो, 'तुझं चुकलं' हे सांगण्यात वेळ घालवायचा नसतो. 'छातीत दुखत नाही म्हटल्यावर तुझ्या मनातून काय निघून गेलं?' हे विचारायचं. खरं शिक्षण त्या उत्तरात असतं.

म्हणूनच सिम्युलेशननं दवाखान्यातले तास भरून काढावेत, ही माझ्या काही सहकाऱ्यांची मागणी मला पटत नाही. ते २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासाचा दाखला देतात. अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं दहा संस्थांत केलेल्या त्या अभ्यासात निम्मे क्लिनिकल तास सिम्युलेशननं भरले, तरी अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थी मागे पडले नव्हते. अभ्यास भक्कम आहे, पण तो पायाभूत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा होता आणि त्यातले प्राध्यापक डीब्रीफिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले होते. ही दुसरी अट सोयीस्करपणे विसरली जाते. नर्स प्रॅक्टिशनरसाठी अमेरिकेतल्या २०२२ च्या मानकांनी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास ठरवले. ते राहू द्यावेत. दिवसाला पंधरा साधे रुग्ण पाहून जो अंदाज बसतो, तो नटीकडून मिळणार नाही. सिम्युलेशन मागायचं ते दवाखान्यात जे घडूच द्यायचं नसतं, त्यासाठी.

'पण ते नाटकच ना, खरी भीती कुठे?' हा आक्षेप अर्धा खरा आहे. विद्यार्थिनीला आपली परीक्षा चालली आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त संशयी होते. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून खरंच साधं पित्त असलेली रुग्णही पाठवणं. मग तिथं शिकलेलं खऱ्या रुग्णाच्या कामी येतं का? हाताच्या कौशल्याचा पुरावा तर स्वच्छ आहे: शिकागोत निवासी डॉक्टरांना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालण्याचा सराव पारंगत होईपर्यंत सिम्युलेटरवर दिल्यावर त्यांच्या अतिदक्षता विभागातला या नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग हजार कॅथेटर-दिवसांमागे ३.२ वरून ०.५ वर आला. निर्णयाचं मोजमाप इतकं सरळ नसतं, कारण चुकलेलं निदान बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात उघडकीला येतं.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास न्यूरॉलॉजी शिकवण्यासाठी रुग्णाची भूमिका करणारी माणसं वापरली, तेव्हा एकही यंत्र लागलं नव्हतं. भारतीय नर्सिंग परिषदेनं क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला आहे. तो चालवणाऱ्या आपल्याकडच्या कॉलेजांकडे पैसे थोडे असतील, तर त्यांनी पुतळा नंतर घ्यावा. आधी दोन शिक्षिकांना डीब्रीफिंग शिकायला पाठवावं आणि रुग्णाच्या चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका गावातल्या हौशी नाटकमंडळीतल्या कुणाला तरी द्यावी.