दिग्दर्शकाला एक सत्र कॉलेजात राहू द्या

युवा महोत्सव जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना दिग्दर्शक आठवतो. नागपूर-अमरावतीहून कोणीतरी येतो, आठ-दहा दिवसांत एकांकिका बसवतो अन् जातो. त्याचा काय दोष? बोलावलंच तेवढ्यासाठी. पण तालीम सुरू होते कॉलेज सुटल्यावर. म्हणजे खेड्यावरून येणाऱ्या पोरी पहिल्याच दिवशी बाद, त्यांना परतीची एसटी गाठायची असते. मग स्टेजवर दरवर्षी शहरातलीच चार पोरं.

दिग्दर्शकाला पूर्ण सत्रभर ठेवा. वेळापत्रकात अकराचा तास द्या. बक्षिसाचं नावच काढू नका.

नियम नाही, असं कोणी म्हणू नये. यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं. पीएचडी लागत नाही, नेट लागत नाही. आपल्या क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव पाहिजे. नेमणूक तात्पुरतीच, साधारण तीन वर्षांपर्यंत. अडतं ते पैशापाशी. उद्योगांनी पैसे द्यावे, नाहीतर संस्थेनं, नाहीतर काम मानद. आता आपल्याकडे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचंच मानधन महिनोन्‌महिने अडकते, तिथं नाटकवाल्याला कोण विचारतो! अन् मानद म्हणजे मान तुमचा, घरभाडं त्याचं.

तरी वेळ दिला तर काय होतं, हे यवतमाळनं पाह्यलं आहे. श्याम पेठकरांचं 'तेरवं' हरीश इथापेंनी शेतकरी आत्महत्याग्रस्त घरातल्या बायांनाच घेऊन बसवलं. त्यातल्याच आपल्या कळंब तालुक्यातल्या वैशालीताई येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यानं तो मान त्यांच्याकडे आला, हे खरं. पण अख्ख्या महाराष्ट्रापुढं त्या ज्या ठामपणे बोलल्या, तो ठामपणा आठ दिवसांच्या तालमीतून येत नाही.

अन् शिकवणाराही इथं शिकेल. कोलामांची दंडार, पुसद-दिग्रसकडची बंजारा गाणी, हे वर्गातल्याच पोरांच्या घरचं आहे. ते विचारायला निवांत वेळ लागतो.

जूनमध्ये नवीन सत्र सुरू होईल. संस्थाचालकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर एका माणसाच्या पाच महिन्यांच्या मानधनाचा हिशेब तरी मांडून पाहा. राहायची सोय आपण गावकरी बघू.