ठोशाचे बळ टाचेत

ताकद दाखव म्हटले की आपल्याकडे कोणीही बाही वर सारून दंड फुगवतो. बॉक्सिंगचे शास्त्र मात्र वेगळेच सांगते.

माझी बहीण सुरतच्या भेस्तान भागात राहते. उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मधले हे ठिकाण. आसपास कापडाचा धंदा, आणि मराठी बोलणारी कुटुंबेही पुष्कळ. तिची सतरा वर्षांची मुलगी बॉक्सिंग शिकते. गच्चीवर चिंध्या ठासून भरलेले पोते टांगले आहे, त्यावर तिचा सराव चालतो. गेल्या दिवाळीत तिने मला समजावले, "मामा, हात सगळ्यात शेवटी येतो."

ते कसे? उजव्या हाताचा ठोसा मागच्या, म्हणजे उजव्या पायापासून सुरू होतो. पाय जमिनीला रेटतो, जमीन तितक्याच जोराने शरीराला पुढे लोटते. टाच बाहेर वळते, तिच्यामागून कंबर, मग छाती, खांदा आणि अखेरीस मूठ. आधीपासूनच हात ताठ धरला तर स्नायू एकमेकांना अडवतात. म्हणून हात सैल सोडायचा आणि मूठ आवळायची ती लागण्याच्या क्षणी, मनगट सरळ ठेवून. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात कसलेल्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळणाचा ३७ आणि हाताचा केवळ २४ टक्के निघाला. नवख्यांत पायांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपासच होता.

आपल्या भागातल्या बायकांना हे नवे नाही. मुसळाने कांडणारी बाई नुसत्या हातांनी कांडत नाही, कंबरेतून कांडते. कन्नडमध्ये मुसळाला ओनके म्हणतात. त्याच ओनकेने हैदरअलीच्या सैनिकांना लोळवणाऱ्या चित्रदुर्गच्या ओबव्वाची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे.

बहिणीची काळजी निराळी. "अरे दादा, नाकबिक मोडलं तर उद्या लग्नाला कोण विचारील?"

मला नाकापेक्षा डोक्याची काळजी वाटते. ग्लोव्ह्ज हाताची हाडे सांभाळतात, पण कवटीत हादरणाऱ्या मेंदूला ते वाचवू शकत नाहीत. म्हणून भाचीकडून मी एक कबूल करून घेतले: मार बसून गरगरले तर लपवायचे नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिंगमध्ये उतरायचे नाही.

बहिणीला सांगितले, २०१२ साली महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आले आणि त्याच वर्षी मेरी कोमने कांस्यपदक आणले. तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती.

बहीण जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघू. पण स्पर्धेला मी सोबत जाणार."