‘लुक्रेटिव्ह’ कोणाच्या तोंडी?

इंग्रजीतून भाषांतर करताना ‘लुक्रेटिव्ह’ आला की ‘फायदेशीर’ लिहून मला पुढे जाववत नाही. कोशाच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण फायदा कोणाचा आणि बोलतंय कोण, हे आधी कळायला हवं.

मूळ लॅटिन ‘लुक्रुम’, म्हणजे लाभ, मिळकत. जर्मनमधला मजुरीचा शब्द ‘लोन’ याच कुळातला. (लक्ष्मीशी किंवा ‘लक’शी नातं जोडण्याचा मोह होतो, पण तसं नातं नाही.) याच ‘लुक्रुम’पासून इंग्रजीत ‘ल्यूकर’ आला. विल्यम टिंडेलने १५२६च्या नव्या कराराच्या भाषांतरात त्याच्यामागे ‘फिल्दी’, घाणेरडा, हे विशेषण लावलं आणि ते आजही सुटलेलं नाही. भावंड ‘लुक्रेटिव्ह’ मात्र नामानिराळा राहिला. करार, नोकरी, बाजारपेठ, कशालाही बिनदिक्कत लागतो. एका भाषांतरकाराची निवड पाच शतकं टिकते, याचा मला धाक वाटतो.

मराठीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘किफायतशीर’. उसाला २००९पासून सरकारी भाषेत ‘रास्त आणि किफायतशीर दर’ असतो. तिथे पिकवणाऱ्याच्या हाती काही उरावं, हा अर्थ. दुकानाच्या पाटीवर ‘किफायतशीर दरात’ म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त. एकच शब्द दोन्ही बाजूंनी बोलतो, कारण अरबी ‘किफायत’ म्हणजे पुरेसं असणं, भागणं. विकणाऱ्याचंही भागावं, घेणाऱ्याचंही. ‘लुक्रुम’ला अशी पुरे म्हणण्याची जागाच नाही.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या इतिहासात माळव्याची अफू चीनला धाडण्याचा व्यापार ‘लुक्रेटिव्ह’ म्हटलेला दिसला, की तिथे ‘किफायतशीर’ लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांनी त्यातून अफाट संपत्ती उभी केली. ते भागण्यापुरतं नव्हतं. तिथे मी ‘गडगंज नफ्याचा’ लिहिते आणि मागे हटत नाही.

लासलगावच्या कांद्यावरच्या इंग्रजी बातमीत शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द घातलेला असेल, तर विशेषण मी काढूनच टाकते. पीक ‘लाभदायक’ ठरलं, असं तो कशाला म्हणेल? तो म्हणतो, ‘यंदा कांद्याचे पैसे झाले.’ संपादकाने त्यावर ‘लाभदायक’ चढवलं, तर मी फोन करून ते परत उतरवायला लावते.