२०४८ बाइटांतली रांग

ॲरेमध्ये घटक मेमरीत एकाला एक लागून बसतात. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता स्वतःजवळ बाळगतो. एटीमेगा ३२८ या ८ बिटी मायक्रोकंट्रोलरवर हा पत्ता २ बाइटांचा असतो. प्रोग्राम चालू असताना लागेल तशी जागा हीपमधून देणाऱ्या मॅलॉककडून ती घेतली तर तिच्या नोंदीपायी आणखी २ बाइट जातात. रॅम सगळी मिळून २०४८ बाइट, आणि तीत खालून वाढणारा हीप व वरून उतरणारा स्टॅक दोघांनाही नांदायचे असते.

धानोरा (जि. नंदुरबार) येथील एका विहिरीवर याच चिपचा मोबाइल ऑटो, म्हणजे पंपाची मोटर चालूबंद करून एसएमएस पाठवणारा स्टार्टर होता; त्याचा प्रोग्राम प्रस्तुत लेखकाने लिंक्ड लिस्टवर बेतला होता. थ्री फेज आली, मोटर सुरू झाली, विहीर उपसली, अशा प्रत्येक वेळी एसएमएसचा मजकूर मॅलॉकच्या जागेत ठेवून रांगेत लावला जाई. तो गेला की जागा मोकळी होई. वर्गात रांग अशीच शिकवतात. मॅलॉक रिकाम्या हाताने परत येतो तेव्हा काय करायचे, हे मात्र फळ्यावर क्वचितच येते.

ऑटो काही दिवसांनी गप्प होई. कधी चालती मोटर बंद पाडी. निदान आधीच ठरलेले होते: व्होल्टेज. त्यावर शेतकऱ्याला स्टॅबिलायझर घ्यायला लावला, मग अर्थिंग नवे करायला लावले. तो एकच सांगत राहिला, की लाइट जाऊन आली म्हणजे ऑटो नीट चालतो. ऑटोला वीज गावठाणच्या सिंगल फेजवरून होती. ती गेली की रॅम पुसली जाई आणि सगळे नव्याने सुरू होई. सलग राहिली की बिघाड होई. ज्या लाइटीवर खापर फुटत होते, तिचे जाणे हाच इलाज होता. रोगाचे अचूक लक्षण सी भाषा न येणाऱ्या माणसाने सांगितले होते आणि सी येणाऱ्याने चार महिने ते कानाआड केले. स्टॅबिलायझरचे पैसे शेतकऱ्याचेच गेले.

दोष असा होता. रात्री रेंज गेली की रांग वाढे. कमीजास्त लांबीचे मजकूर मागेपुढे मोकळे होत, त्यामुळे हीपमध्ये तुकडे पडत. एकूण जागा पुरेशी असूनही सलग ५० बाइट मिळत नसत आणि मॅलॉक नल देई. प्रोग्राम ते तपासत नव्हता. संगणकावर अशा वेळी प्रोग्राम तिथेच कोसळतो. या चिपवर मात्र पत्ता शून्य म्हणजे पहिले रजिस्टर: ३२ रजिस्टरे आणि त्यांच्यापुढे लगेच पोर्ट. नक्कल करणाऱ्या फंक्शनचे पत्तेही त्याच रजिस्टरांत असल्याने पुढची अक्षरे कुठे पडतील याचा नेम राहत नाही.

दुरुस्तीत १६ घरांचा गोल ॲरे आला. प्रत्येक घरात वेळ ४ बाइट, घटनेचा संकेत १, फोनचा क्रमांक-संकेत १. एकूण ९६ बाइट. मजकूर फ्लॅशमध्ये गेला. रांगेची दोन्ही टोके एकेका बाइटाची असल्याने ती वाचताना मध्येच इंटरप्ट आला तरी अर्धवट आकडा हाती येत नाही; २ बाइटांच्या पत्त्याला ही हमी नाही. रांग भरली तर जुनी नोंद टाकायची की नवी, हे आधी ठरवावे लागते. इथे जुनी टाकली.

मोटारगाड्यांसाठी निघालेल्या मिस्रा सी नियमावलीच्या २००४ च्या आवृत्तीत हीपला मनाईच आहे. तिच्या भरात लेखकाने लिंक्ड लिस्टही वर्ज्य मानली, आणि तो उतावीळपणा ठरला. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपांवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टास्क लिंक्ड लिस्टमध्येच गुंफलेले असतात, पण दुव्याची जागा टास्कच्याच नोंदीत असते. दर वेळी मॅलॉक लागत नाही.

पुढे ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेच्या क्रमाने लावायचे आले, तेव्हा ॲरेमध्ये मधे घुसवण्यासाठी बाकीची घरे सरकवणे जड झाले. म्हणून ठरावीक ॲरेतच लिंक्ड लिस्ट केली: दुवा म्हणजे पत्ता नव्हे, तर एका बाइटाचा घरक्रमांक, आणि शेवटच्या घरात २५५.