झटके थांबले म्हणजे आजार थांबला नव्हे

हंटिंग्टनच्या आजाराचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येतात ते खांद्यांचे, बोटांचे, चेहऱ्याचे आपसूक होणारे झटके. 1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरनं लाँग आयलंडवरच्या कुटुंबांतला हा आजार मांडला तोही ‘कोरिया’ (म्हणजे असे आपसूक झटके) याच मथळ्याखाली. तेव्हापासून झटके म्हणजेच आजार असं समीकरण झालं. मला ते पटत नाही. माणसाला परावलंबी करतं ते हालचाल वेळेवर सुरू करणं, टिकवणं आणि थांबवणं न जमणं. साध्या तपासणीतही हे दिसतं. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली तर काही क्षणांत ती आत जाते. डॉक्टरांची बोटं घट्ट धरायला सांगितली तर पकड धार काढल्यासारखी आवळत-सैलावत राहते. हाताला जोर असतो, तो एकसारखा लावता येत नाही. एका वस्तूवरून दुसरीकडे नजर न्यायची तर आधी पापणी मिटावी लागते किंवा मानेला हिसका द्यावा लागतो.

याचं कारण मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममध्ये आहे. तिथल्या पेशींचा एक मार्ग हव्या त्या हालचालीला वाट देतो, दुसरा नको त्या हालचाली दाबतो. आजारात आधी बळी पडतात त्या दाबणाऱ्या मार्गाच्या पेशी, म्हणून झटके निसटतात. पुढे दुसऱ्या मार्गाच्याही पेशी मरतात, मग हालचालच मंदावते, अंग ताठरतं. त्यामुळे उशिराच्या टप्प्यात झटके कमी झाले की घरच्यांना उतार पडल्यासारखं वाटतं (वाटणारच!), प्रत्यक्षात आजार पुढे गेलेला असतो. लहान वयात सुरू होणाऱ्या प्रकारात तर झटक्यांपेक्षा ताठरपणाच जास्त असतो.

यावर कोणी म्हणेल, झटक्यांवर निदान औषध तरी आहे. आहे, आणि झटक्यांमुळे इजा होत असेल, घास तोंडापर्यंत पोचत नसेल, तर ते जरूर द्यावं. पण त्यासाठी दिलं जाणारं टेट्राबेनाझिन मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा साठा घटवून काम करतं. त्यानं मंदपणा आणि नैराश्य वाढू शकतं. झटके शमले एवढ्यावरून उपचार लागू पडला म्हणणं मला तरी अपुरं वाटतं. न्यूरॉलॉजिस्टना झटक्यांबरोबर हेही सांगा: बटणं लावायला किती वेळ लागतो, वळताना तोल जातो का, पाणी पिताना ठसका लागतो का. विशेषतः ठसक्याचं सांगाच, कारण घास-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत नेहमीचं कारण न्यूमोनियाच आहे.